दहा केल्विनच्या खाली

एइविन म्हणाला, आज रात्री तूच कर, माझ्या मुलीला ताप आहे.
मग प्रयोगशाळेत मी आणि पंपाची घरघर,
ओस्लोतला फेब्रुवारी बाहेरून काचेला चिकटलेला,
आणि भिंगाखाली नखाएवढी एक काळी फिल्म.
तिच्यावर गार्नेटची काच,
जिथे चुंबकत्व शिरेल तिथे उजळणारी.
हेलियमच्या मदतीनं तिला चार केल्विनपर्यंत नेलं.

आता चुंबक. हळूहळू, मिलिटेस्लानं मिलिटेस्ला.
फिल्म सगळं अंगाबाहेर ठेवते,
कडी लावून बसलेल्या माणसासारखी.
पण कड कुठेतरी किंचित उडालेली असतेच.
तिथून शिरतात भोवरे,
केसाच्या रुंदीत शंभरेक सहज मावतील असे,
आणि प्रत्येकाच्या पदरात चुंबकत्वाचं एकच माप,
चिमूटभर जास्त नाही, कमी नाही.
आई सांगायची युद्धानंतरच्या साखरेबद्दल, तसं.
शिरतात, आणि धातूतल्या एखाद्या खोटीत पाय अडकून थांबतात.

अडकलेले आहेत तोवर ठीक.

एक सुटला की सरकताना थोडी ऊब टाकतो.
आपण जिला ऊब म्हणतो
तिच्या लाखाव्या हिश्शाचाही हिस्सा.
तेवढ्यानं शेजारच्याची पकड सैल होते,
तो सुटतो, तोही ऊब टाकतो,
आणि पडद्यावर, माझी पापणी मिटायच्या आत,
कडेपासून पार आतवर एक लखलखतं झाड.
फांद्या, फांद्यांना फांद्या. पान एकही नाही.

मला सुरुवातीला पटायचं नाही ते हे, की
दहा केल्विनच्या वर असं होत नाही.
तिथे भोवरे गुपचूप येतात, भिंतीत ओल चढावी तसे.
जास्त थंडीत मात्र फुटतं.
जितकं गार, तितकी उष्णता पोटात घालायला जागा कमी.
थेंबभरसुद्धा मावत नाही.

हालवार, माझे वडील,
ओर्स्टाच्या रस्ते खात्यात बर्फाच्या उतारांवर नजर ठेवायचे.
कुठला कडा कधी सुटेल ते सांगायचे,
आणि चुकले नाहीत, एकदा सोडून.
त्या एकदानंतर घरात त्यांचं बोलणं बंद.
आठवडेच्या आठवडे. बशीवर काट्याचा आवाज, बस्स.
मग कधीतरी मी विचारलं, बाबा, दमलात का?
आणि टेबलावरचं सगळं जमिनीवर.

नऊ वर्षांची होते. कितीतरी दिवस तेच शब्द
उलटेसुलटे करून बघत होते.
मायेनंच तर विचारलं होतं.

पहाटे तीनला एइविनच्या खणातून तांब्याचा पातळ पत्रा काढला,
अर्ध्या फिल्मवर नुसता टेकवला, चिकटवला नाही.
तांबं साधं. कितीही गार करा, अतिवाहक होत नाही,
वीज वाहताना कुरकुरतंच.
पण खालून भोवऱ्यांची झुंड धावू लागली
की त्याच्या अंगात उलटे प्रवाह उठतात,
थोडी आग स्वतःकडे घेतं, आणि झुंडीचे पाय जड होतात.
त्या अर्ध्या भागात एकही झाड उगवलं नाही.

बोर्गहिल्ड, माझी आई, त्यांच्या शेजारी विणत बसायची.
समजूत घालायची नाही, हात धरायची नाही.
पुटपुटत टाके मोजायची,
चुकली की स्वतःवरच वैतागायची.
ती बसलेली असली की बशा टेबलावर राहायच्या.
हे मला आज कळलं. निदान तसं वाटलं.
पत्र्यावरून माणसाचं माप काढू नये, एइविन म्हणेल.

चुंबक बंद केला. काटा शून्यावर.
उघड्या अर्ध्यात झाड तसंच, अडकून राहिलेलं.
ते जायला फिल्म तापवावी लागते.
अडतीस केल्विन, साडेअडतीस, एकोणचाळीस,
आणि पडदा सपाट काळा.
पुन्हा गार केली, पुन्हा तेवढंच चुंबक.
आलं झाड, दुसरंच. एक फांदी आधीच्या फांदीशी जुळेना.
फुटलं मात्र त्याच जागी,
कड उडाली होती तिथून.

वहीत वेळ टाकली, चार वाजून दहा.
मग एइविनला मेसेज, ताप उतरला का?
तो जागाच होता.
उतरतोय, म्हणाला. शेजारी बसलोय.